मुकाईची उतरण

बसून राहणं मला कधीच जमलं नाही. आत्ताही गुडघ्याला पट्टा बांधून लिहायला बसले आहे आणि चार ओळींत तीनदा उठले. एकदा गॅस बंद केला का बघायला, एकदा कुत्र्याला हाकलायला आणि एकदा उगाच. मग बारावी पास होऊन मी घरात बसले होते तेव्हा माझं काय झालं असेल, विचार करा. माझ्याबरोबरच्या दोघी अंबाजोगाईच्या कॉलेजात गेल्या. मी अप्पांना, म्हणजे वडलांना विचारलं, मीही जाऊ का? ते म्हणाले, "बगू." आमच्या घरात अप्पांचं 'बगू' म्हणजे नाहीच असायचं, समोरच्याला लगेच रडू येऊ नये म्हणून ते तसं म्हणायचे. मग मी दिवसभर घरातून दुकानात, दुकानातून परसात आणि परसातून पुन्हा घरात येरझाऱ्या घालायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "नंदे, जरा बूड टेक की गं. तुला बगून मलाच दम लागायलाय."

दुकान पुढं, घर मागं, आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मधल्या खोलीत सीताफळं. अप्पा डोंगरावरची झाडं मक्त्यानं घ्यायचे आणि फळं गोळा करून शहरात पाठवायचे. त्या दिवसांत घराला दुसरा वासच नसायचा. पोत्यांखाली झाकलेल्या ढिगांतून गोड, जरा आंबूस वाफ यायची, चिलटं नाकातोंडात जायची, आणि सकाळी अप्पा पूजा करून, कपाळाला विभूती लावून आधी त्या खोलीत जायचे. एकेक फळ अंगठ्यानं दाबून बघायचे. मऊ लागलं ते बाजूला. ते विकायचं नाही, घरात खायचं. आम्ही इतकी सीताफळं खाल्लीत की अजून मला कुणी सीताफळाची रबडी पुढं केली की मी वाटी मागं सारते. सकाळी सुशीला, म्हणजे भिजवून परतलेले चुरमुरे, दुपारी भाकरी आणि येसराची आमटी, आणि मधे सारखी सीताफळं. अंगणात बियांचा सडा पडायचा आणि अनवाणी चाललं की टाचेला टोचायच्या. त्याच सुमारास दुकानात नव्या वस्तू यायला लागल्या होत्या. शांपूच्या पुड्यांच्या माळा दारात लटकायच्या, थंड बाटल्यांचे क्रेट आले, शेजाऱ्यांच्या घरावर थाळीसारखी छत्री बसली. आमच्याकडं लाल ट्रॅक्टर आला. जग कुठंतरी सुसाट निघालंय आणि मी बिया झाडत बसले आहे, असं मला रोज वाटायचं. चिडचिड व्हायची नुसती.

ट्रॅक्टर आला तो डोंगरावरून माल खाली आणायला. वर वाडी, तिथं फळं तोडणाऱ्या बाया राहायच्या. खाली आमचं गाव. आणि मधे मुकाईची उतरण. दोन मैलांचा कच्चा रस्ता, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, तीन वळणं, आणि मुरूम असा की पायातली चप्पल पुढं आणि माणूस मागं. माथ्यावर मुकाईचं देऊळ. देऊळ कसलं, शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे बिनचेहऱ्याचा दगड, आणि वर पत्रा. ह्या देवीला आवाज चालत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. पूर्वी बैलगाड्या उतरायच्या तेव्हा देवळापाशी बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून ठेवायचे आणि मुक्यानं उतरायचे. मग मोटरसायकली आल्या, ट्रॅक्टर आले. त्यांना घुंगुरमाळा नव्हत्या, म्हणून लोकांनी इंजिन बंद करायला सुरुवात केली. देवळापाशी आले की हात जोडायचे, चावी फिरवायची, गिअर काढायचा आणि गाडी सोडून द्यायची. इंजिन पुन्हा चालू होणार ते खालच्या पिंपळापाशी. उतरणीवर इंजिन चालू ठेवणं म्हणजे देवीच्या तोंडावर शिवी देण्यासारखं होतं, आणि हे कुणाला चुकीचं वाटत नव्हतं. मला तर मुळीच नाही.

ट्रॅक्टर चालवायला अप्पांनी पहिल्यांदा ठेवलं ते मिलिट्रीकाकांना. त्यांचं नाव भिवाजी. पण मिलिट्रीत सगळी नोकरी बर्फाच्या डोंगरात ट्रक चालवून काढलेली, म्हणून सगळे मिलिट्रीकाका म्हणायचे. वाडीतलं त्यांचं घर बौद्ध. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, दारात झेंडू, आणि अंगण असं झाडलेलं की पाय ठेवायला भीती वाटावी. उंच, वाळका माणूस, खाकी शर्टाची घडी कधी मोडलेली नाही. माझा थोरला भाऊ, शिवादादा, त्याला ट्रॅक्टर शिकवायला अप्पांनी त्यांनाच सांगितलं होतं. दादा शिकायचा आणि मी बांधावर उभी राहून ऐकायची. तिसऱ्या दिवशी काका माझ्याकडं बघून म्हणाले, "तू तितं उभी राहून काय करायलीस? ये, बस." दादा म्हणाला, "काका, ती पोरगी हाय." काका म्हणाले, "हाय की. मंग?"

तेवढ्यावर मी शिकले. रब्बीसाठी मोकळ्या ठेवलेल्या वावरात, लोखंडी सीटवर पुढं सरकून बसून, कारण माझे पाय पोचायचे नाहीत. काका फार बोलायचे नाहीत, पण एक गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की मी वैतागायची. ट्रॅक्टरला उजवीकडं दोन ब्रेक असतात, दोन चाकांचे वेगळे. वावरात वळताना ते वेगळे लागतात, पण रस्त्यावर जायच्या आधी त्यांची कडी जोडून घ्यायची, नाहीतर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर गिरकी घेतो. आणि उतारावर ज्या गिअरात चढलो असतो त्याच गिअरात उतरायचं, इंजिन चालू ठेवून. "इंजिन चाकाला धरून ठिवतंय," ते म्हणायचे. "ब्रेक निस्ता मदतीला. आन क्लचला पाय लावायचा न्हाई. भ्याव वाटलं की माणूस आदी क्लच दाबतो. क्लच दाबला की इंजिनानं चाकाचा हात सोडला. मंग मागचा लोड तुला कुटं निऊन घालील सांगता यायचं न्हाई." मी म्हणायची, कळलं, कळलं. मला कुठं उतरणीवर जायचं होतं?

पहिला माल घेऊन काका उतरले त्या दिवशी त्यांनी देवळापाशी इंजिन बंद केलं नाही. डुगडुग असा आवाज उतरणीभर येत राहिला आणि खाली गावात लोक कान टवकारून उभे राहिले. ट्रॅक्टर दुकानापुढं लागेपर्यंत दहा-बारा माणसं जमली होती. फळं एकसुद्धा दबलेलं नव्हतं, हे कुणी बघितलं नाही. एक जण म्हणाला, "काका, तुमाला देवी न्हाई, कबूल. पर आमाला हाय ना?" काका म्हणाले, "देवीचं यात काय न्हाई बाबा. लोड मागून ढकलतो. ब्रेक एकटा किती येळ दम धरंल?" दुसरा म्हणाला, "आमचे बाप-आजे काय मेले का तितं?" तेवढ्यात अप्पा बाहेर आले. अप्पांचा आवाज कधी चढायचा नाही. "भिवाजी," ते म्हणाले, "एवढं एक ऐका. देवळापाशी बंद करा, पिंपळापाशी चालू करा. बाकी तुमी म्हणाल तसं." काकांच्या हातात चहाचा कप होता. त्यांचा कप आमच्याकडं वेगळा असायचा, खिडकीत पालथा ठेवलेला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे आज लिहिताना लाज वाटते. काकांनी चहा संपवला, कप स्वतः धुतला, खिडकीत पालथा घातला आणि चावी गल्ल्याजवळ ठेवून म्हणाले, "अप्पा, तेवढं सोडून काय बी सांगा." आणि वाडीकडं चालत निघून गेले.

मग दादा चालवायला लागला. दादा बावीस वर्षांचा, अंगानं भक्कम, डोक्यानं उतावळा. तो देवळापाशी इंजिन बंद करायचा, हात जोडायचा आणि सोडायचा. आणि खरं सांगू? त्यात जी मजा होती ती मला पुन्हा कशातच आली नाही. मी मडगार्डवर बसून जायची, "बायांवर लक्ष ठेवायला" असं आईला सांगून. इंजिन बंद झालं की एकदम वारा ऐकू यायचा. मग चाकाखालचा मुरूम, मग होल्यांचं घूं घूं, आणि मागं ट्रॉलीत बसलेल्या बायांचं एकदम गप्प होणं. वेग वाढत जायचा. माझी वेणी मागं उडायची. घरातलं 'बगू', परसातल्या बिया, सगळं मागं पडायचं. काकांनी सांगितलेलं मला पाठ होतं. एकदाही मी दादाला म्हणाले नाही की गिअर काढू नको. मला ते हवंच होतं.

तो दिवस शेवटच्या तोड्याचा. वर फळं राहू द्यायची नव्हती म्हणून दादानं पाट्यांवर पाट्या रचल्या, वर नऊ बाया बसवल्या. बायांत सगळ्यांत म्हातारी सोनामावशी. तिला नीट उभं राहता यायचं नाही, पण फळाला हात न लावता नुसत्या नजरेनं ती सांगायची, डोळा उघडला का नाही, म्हणजे फळ तोडायला आलं का नाही. दुपारचं ऊन होतं. दादानं चावी फिरवली, हात जोडले, सोडलं. पहिलं वळण नेहमीसारखं गेलं. दुसऱ्याच्या आधी मला वास आला. लोखंड तापल्याचा, केस जळाल्यासारखा. दादाकडं बघितलं तर तो दोन्ही हातांनी चक्र धरून ब्रेकवर उभा राहिला होता. उभा, सगळं वजन टाकून. ट्रॅक्टर थांबत नव्हता. दादा गिअर घालायला बघायचा आणि पेटीतून नुसतं कर्रर्र कर्रर्र. मागून ट्रॉली ढकलत होती. एका बाईनं "माय गं" म्हटलेलं मला ऐकू आलं. मी ओरडले, "डोंगराकडं घाल, दादा, डोंगराकडं." त्यानं घातला. तोंड मातीत घुसलं, ट्रॉली आडवी फिरली, तिचं एक चाक दरीच्या कडेवर येऊन थांबलं आणि सगळ्या पाट्या आमच्यावर आल्या.

मी उठले तेव्हा अंगभर सीताफळ होतं. बाया एकमेकींना हाका मारत होत्या. खरचटलं होतं सगळ्यांना, पण नऊच्या नऊ उठून उभ्या राहिल्या. दादा उठला नाही. तो खाली पडला होता आणि त्याची उजवी नडगी जिथं वाकू नये तिथं वाकली होती. बायांनी लुगडं पसरून त्याला झोळीत उचललं, तर तो असा ओरडला की त्यांनी परत खाली ठेवला. खाली गाव मैलभर, मोडक्या पायाच्या माणसाला निजवून नेता येईल अशी ह्या ट्रॅक्टराशिवाय गावात त्या दिवशी दुसरी गाडी नाही, आणि दवाखाना त्याच्याही पुढं अंबाजोगाईला. दादाचा चेहरा पांढरा पडत चालला होता. माझं डोकं चालेना. हे सगळं मला माहीत होतं, सगळं मला शिकवलं होतं, आणि मी मडगार्डवर बसून वारा खात होते. एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. सोनामावशी भुईवर बसूनच म्हणाली, "उबी कावून ऱ्हायलीस? मिलिट्रीला आण जा."

मी चढ चढून वाडीत गेले. काका अंगणात खुरपं घासत बसले होते. मला काय तोंडानं बोलायचं कळेना. चावी टाकून ते गेले तेव्हा मी दुकानातच उभी होते आणि एक शब्द बोलले नव्हते. ते मात्र काही न विचारता उठले, पायात बूट घातले, दोरखंड खांद्यावर टाकलं. वाटेत फक्त एवढं विचारलं, "तोंड डोंगराकडं हाय का दरीकडं?" मी म्हटलं, डोंगराकडं. "कुणी घातलं?" मी म्हटलं, दादानं. मी सांगितलं म्हणून.

खाली आल्यावर त्यांनी ट्रॅक्टरभोवती फिरून, वाकून सगळं बघितलं. जाळी चेपली होती, बाकी काही नाही. दादाच्या पायाला दोन फळ्या बांधल्या. ट्रॉलीत अडकलेल्या पाट्या काढल्या आणि बायांना हाताशी घेऊन ट्रॉली कडेवरून आत ओढली. चाकांखाली दगड लावले. मग मला म्हणाले, "बस."

"मी? काका, तुमी चालवा की."

"मी न्हाई." त्यांनी खाली गावाकडं बघितलं. "इंजिन चालू ठिवूनच उतरावं लागंल. मी चालवलो आन तुज्या भावाला काय झालं, तर लोक काय म्हणतील? देवीनं न्हाई मारलं, भिवाजीनं मारलं. मला परत ह्याच वाडीत ऱ्हायाचंय, पोरी. माज्या लेकरायला बी."

मला राग आला. खरंच राग आला, त्यांचा. माझा भाऊ तिथं कण्हतोय आणि हा माणूस लोक काय म्हणतील ते बघतोय, असं मला वाटलं. सतरा वर्षांच्या, अप्पांच्या दुकानाच्या सावलीत वाढलेल्या पोरीला दुसरं काय वाटणार? लोक काय म्हणतील ह्यावरून माणसाचं घर राहतं किंवा जातं, हे मला कधी सोसावं लागलंच नव्हतं.

दादाला ट्रॉलीत निजवलं, त्याचं डोकं सोनामावशीच्या मांडीवर. बाकीच्या आठ जणींना काका म्हणाले, तुमी पाट्यांपाशीच ऱ्हावा, वजन नको. तेवढ्यात सोनामावशी म्हणाली, "मागं ओंडका बांदा की."

काका थांबले. "कसला ओंडका?"

"मी नवरी हुन आल्ते तवा गाडीमागं बांदला व्हता. बाभळीचा. तो घासत यायचा, गाडी पळायची न्हाई. समद्याच गाड्यांना बांदायचे."

"आन घुंगरं?"

"घुंगरं काढायचे. ओंडका घासायलाय का सुटला ते ऐकू नको याया?"

काका तिच्याकडं बघतच राहिले. मग हसले. मी त्यांना हसताना तेव्हाच बघितलं. देवी बिवी काही नाही. मागचा ओंडका ऐकू यावा म्हणून घुंगरं काढायचे. पुढं मोटारी आल्या तेव्हा लोकांनी मुकेपण तेवढं सांभाळलं आणि ओंडका टाकून दिला. हे मी आज चार ओळींत लिहिते आहे, पण तेव्हा मला नुसतं घाम फुटल्याचं आठवतं. काकांनी रस्त्याकडेचं पडलेलं बाभळीचं खोड दोरखंडानं ट्रॉलीमागं बांधलं आणि म्हणाले, "बेस. इंजिन बी आन ओंडका बी."

मी ब्रेकांची कडी जोडली. इंजिन चालू केलं. मागं घेऊन, बायांनी ढकलून, तोंड सरळ केलं. मग काका चालत पुढं गेले, दहा पावलांवर, आणि माझ्याकडं तोंड करून रस्त्याच्या बरोबर मधे उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात छातीपाशी धरून हळू ये अशी खूण केली आणि उताराकडं पाठ करून, उलटे चालायला लागले.

मी लहानातला, म्हणजे सगळ्यांत संथ, पहिला गिअर घातला आणि क्लचवरून पाय काढला. ट्रॅक्टर घुरघुरला आणि एकेक वीत पुढं सरकू लागला. इतका हळू, की मला चालत पुढं जाता आलं असतं. मागं ओंडका खर्रर्र घासत होता. दर खड्ड्याला दादा कण्हायचा आणि सोनामावशी म्हणायची, "झालं, झालं, आलं गाव." गाव कुठं आलं होतं? काकांचा हात उजवीकडं गेला की मी उजवीकडं, डावीकडं गेला की डावीकडं. त्यांचा पाय एकदाही दगडाला अडखळला नाही. मला घाई झाली होती. पळवावंसं वाटत होतं, लवकर खाली, लवकर दवाखान्यात. आणि हा माणूस एक पाऊल, थांब, एक पाऊल.

तिसऱ्या वळणावर रस्ता एकदम खाली जातो. तिथं पुढचं चाक एका धोंड्यावरून सरकलं, ट्रॅक्टर कलला, आणि मला दरी दिसली. नुसती दरी, खाली बाभळींचे शेंडे. माझा डावा पाय आपोआप गेला आणि क्लच दाबला गेला. इंजिनाचा आवाज हलका झाला आणि ट्रॅक्टर मोकळा सुटला. काकांच्या अंगावर. मी त्यांचा चेहरा बघितला. त्यांना बाजूला उडी मारायला जागा होती, डोंगराच्या अंगाला चांगला हातभर चर होता. त्यांनी उडी मारली नाही. दोन्ही तळवे वर केले, आशीर्वाद देतात तसे, आणि माझ्या डोळ्यांत बघत जागच्या जागी उभे राहिले. मी पाय उचलला. इंजिन एकदम ओरडलं, ट्रॅक्टरनं गचका घेतला आणि परत धरलं. बोनेट आणि काकांचं पोट ह्यांत हातभर अंतर उरलं होतं. त्यांनी खूण केली, ये, हळू, आणि परत उलटे चालू लागले.

पिंपळाच्या अलीकडं ते थांबले. ओंडका सोडला. मला म्हणाले, "आता सपाट हाय. मी इथून वळतो. माजं नाव घिऊ नको." मी विचारलं, "काका, तुमी पुढं कावून चालला? काही झालं असतं तर?" ते दोरखंड गुंडाळत म्हणाले, "मागून कितीबी वरडलो असतो तर तुला ऐकू आलं असतं का? समोर माणूस दिसला की पाय शुद्धीवर ऱ्हातो." आणि चढाला लागले.

दादाचा पाय वाचला. तो आज जरा लंगडतो आणि पावसाळ्यात कुरकुरतो, एवढंच. पण ज्या संध्याकाळी त्याला अंबाजोगाईला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी महादेवाच्या देवळाच्या ओसरीवर माणसं बसली आणि मला बोलावणं आलं. उतरणीवर इंजिनाचा आवाज गावानं ऐकला होता. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मुकाईसमोर इंजिन कुणी चालू ठिवलं? वर कोण व्हतं तुज्यासंगं?" अप्पा खांबाला टेकून बसले होते. मी म्हटलं, "मीच. कुणी न्हवतं." पुन्हा विचारलं, पुन्हा म्हटलं, "मीच." देवीला खणानारळाची ओटी भरायला सांगितली आणि सोडून दिलं. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. काकांना मी वाचवलं, असं वाटलं. आणि ते खरंही होतं.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. दादा पायावर उभा राहिला तसा गावाचा सूर बदलला. देवी कोपली नाही हे दिसलं, मग एकट्या पोरीनं मुकाईची उतरण उतरवली, ट्रॉलीत मोडका भाऊ घेऊन, अशी गोष्ट झाली. दुकानात गिऱ्हाईकं मला बघायला थांबायची. आईनं दृष्ट काढली. आणि एका सकाळी अप्पा विभूती लावत म्हणाले, "जी पोरगी मुकाई उतरती तिला एसटीत बसायला कसलं भ्याव? भर म्हणावं फारम." मी कॉलेजात गेले. शिकले, नोकरी लागली, जे काही पुढं झालं ते त्या एका 'मीच'वर झालं. ज्या शब्दानं मी काकांना झाकलं त्याच शब्दानं त्यांचं सगळं घेऊन टाकलं, आणि कधी अमुक एका दिवशी झाकणं संपून घेणं सुरू झालं ते मला आजही दाखवता येणार नाही. वर्षभरात सांगता आलं असतं. कुणी काही म्हणालं नसतं. अप्पांनी काकांना परत बोलावलंही असतं कदाचित. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी निम्मीच उरले असते. वाडीला सगळं माहीत होतं, नऊ बायांनी डोळ्यांनी बघितलं होतं. पण खालच्या गावानं वाडीला कधी काही विचारलंच नाही.

काका गेले तेव्हा मी पन्नाशीला आले होते. आता उतरणीवर सिमेंटचा रस्ता आहे, कडेला कठडे आहेत, आणि पोरं अजून देवळापाशी मोटरसायकल बंद करून सोडतात. मी थांबवून चार शब्द सुनावते, ती हसतात. काकांच्या पुण्यानुमोदनाला मी वाडीत गेले. मांडवात वंदना झाली, लोक काकांबद्दल दोन-दोन शब्द बोलले. मी उठले. मी सगळं सांगितलं. ओंडका, उलटी चाललेली दोन हजार पावलं, त्यांचे वर केलेले तळवे. फक्त ते तळवे का वर केले ते सांगताना माझी जीभ अडखळली आणि मी म्हटलं, एका ठिकाणी ट्रॅक्टर जरा घसरला. कुणाला नवल वाटलेलं दिसलं नाही.

जेवणं झाल्यावर काकू मला घेऊन बसल्या. पांढरं लुगडं, वाकलेल्या, पण अंगण अजून तसंच झाडलेलं. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "काकू, मी लई उशीर केला."

"आमाला ठावंच होतं की," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरी आले, बूट काडले, पाणी पिले. मी म्हणलं, काय झालं? तर म्हणले, पोरीनं आणला खाली. लई भारी चालवती. समद्या उतरणीत एकदाबी क्लच दाबला न्हाई."

मी दाबला होता.